पेन्सिलीत राहिलेली ओळ

फोन आला तेव्हा मी पोस्टमनची वाट बघत गॅलरीत उभी होते. आमच्या हुबळीच्या गल्लीत पोस्टमन अकराच्या सुमाराला येतो, आणि गेले वीस-बावीस दिवस मी रोज अकरा वाजले की हातातलं काम टाकून गॅलरीत येत होते. धारवाडला, मळमड्डीत, मुकुंदअण्णांना मी एक पत्र पाठवलं होतं. उत्तर येईल असं खरंच वाटत होतं का, कुणास ठाऊक, पण वाट बघणं काही सुटत नव्हतं. आत फोन वाजला. मुलानं घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं, धारवाडहून मुकुंदअण्णांच्या पत्नीचा भाचा बोलत होता, अण्णा पहाटे गेले म्हणे. आणि आता खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते... माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आलं ते एवढंच, की पत्र पोचलं होतं का? माणूस गेल्याची बातमी ऐकून जिला आपल्या पत्राची पडते, तिला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी स्वतःला जे म्हणायचं ते म्हणून घेतलंय. त्याला आता दीड महिना होत आला.

मुकुंदअण्णा काही मोठे गृहस्थ नव्हते. पेपरात फोटो यावा असं त्यांच्या हातून काही झालेलं नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी चार लोकांच्या लक्षात राहिले ती त्यांनी केलेलीच नव्हती. त्यासाठीच हा लेख आहे. नव्वद सालानंतरची ती वर्षं. एका विश्वस्त मंडळाची रक्तपेढी होती. मुख्य ऑफिस हुबळीला, शाखा धारवाडला, आणि त्या शाखेत अण्णा आणि मी कामाला. नाव लिहीत नाही, कारण दोष पेढीचा नव्हता. रक्तदात्यांची यादी, म्हणजे नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळी हुबळीच्या कॉम्प्युटरवर असायची. आम्ही धारवाडहून टेलिफोनच्या लाइनवरून त्या यादीत नवी नावं घालायचो, पत्ते बदलायचो, जुनी नावं काढायचो. आज डेटाबेस म्हटलं की शाळेतल्या पोरांनाही कळतं, तेव्हा आमच्या विश्वस्तांनाही कळत नव्हतं. यादी सांभाळायचा तो सगळा प्रोग्राम अण्णांनी एकट्यानं लिहिलेला. मुळात ते गणिताचे मास्तर; चाळिशी उलटल्यावर पुस्तकं मागवून मागवून हे शिकले. सडपातळ, जरासे वाकलेले, शर्टाच्या खिशात एक पेन्सिल आणि एक पेन, आणि कशालाही 'इरली बिडू' म्हणायची सवय. असू दे, सोड... चहात साखर नसली तरी इरली बिडू, स्कूटर भर रस्त्यात बंद पडली तरी इरली बिडू. फक्त एका बाबतीत त्यांच्या तोंडून हे कधी निघालं नाही, ते म्हणजे लाइन तुटणं.

लाइन दिवसातून आठ-दहा वेळा तुटायची. हुबळी-धारवाड अंतर वीस किलोमीटर, पण मध्ये काय व्हायचं देव जाणे. "नवलूरपर्यंत तरी सुखरूप गेलं असेल की," अण्णा म्हणायचे. बाजारातले प्रोग्राम अशा वेळी नुसते गप्प बसायचे. पडद्यावर सगळं जसंच्या तसं, आणि आपण वेड्यासारखं बघत बसायचं की हे चाललंय की मेलंय. अण्णांचा प्रोग्राम मधूनमधून पलीकडे हाक मारून बघायचा, अर्धं मिनिट थांबायचा, आणि उत्तर आलं नाही की पडदा पुसून दोन वाक्यं दाखवायचा. अक्षरं रोमन, पण भाषा मराठी: 'संपर्क तुटला आहे. शेवटचं काम पोचलं की नाही, मला माहीत नाही.' विश्वस्तांपैकी एकांनी विचारलं होतं, कॉम्प्युटर असून माहीत नाही म्हणजे काय, लोक हसतील. अण्णा म्हणाले, जे त्याला खरंच माहीत नाही ते माहीत आहे असं मी त्याला कसं बोलायला लावू? हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की त्या गृहस्थांना टोमणासुद्धा वाटला नाही.

त्यांच्या या कडकपणाला एक निमित्त झालं होतं, आणि ते निमित्त मीच. नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. एका निवृत्त मास्तरांचं नाव यादीत घालताना लाइन गेली. मी परत जोडून परत घातलं. परत गेली. परत घातलं. झालं होतं असं, की नाव तिन्ही वेळा हुबळीला पोचलं होतं. 'पोचलं' हा निरोप तेवढा माझ्याकडे येता येता तुटत होता. पुढे रक्तदानाची आठवण करून द्यायची कार्डं निघाली, तर मास्तरांना एकाच टपालात तीन. ते तिन्ही कार्डं घेऊन पेढीत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मुकुंदराव, आम्ही तिघं आलोय. आधी कुणाचं रक्त घेता?" सगळी पेढी हसली. अण्णाही हसले, पण दुसऱ्या दिवशी येताना एक लांबडी, तपकिरी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. तेव्हापासून नियम ठरला. लाइनवरून काहीही करायचं तर आधी ते तारीख घालून वहीत पेन्सिलीनं लिहायचं. मग पाठवायचं. पलीकडून 'पोचलं' आलं तरी भागत नाही. आपण स्वतः परत विचारून, डोळ्यांनी बघून खात्री करायची, आणि मगच त्या पेन्सिलीच्या ओळीवर पेन फिरवायचं. मध्येच लाइन तुटली तर तेच परत पाठवायचं नाही. "तुटलं की आधी विचारायचं," ते सांगायचे, "माझं कुठपर्यंत पोचलं, ते. सांगायची घाई नंतर." पेनाची ओळ म्हणजे झालेलं काम. पेन्सिलीची ओळ म्हणजे हातात घेतलेलं, पण झालं की नाही ते ठाऊक नसलेलं. ही खोड त्यांनी घरीही नेली. नलिनीअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की ह्यांची किराणाची यादीसुद्धा आधी पेन्सिलीत असते हो, तूरडाळ डब्यात पडली की मग पेन.

मी तेव्हा तिशीची, तोंडाची फटकळ, आणि सदा घाईत. मुलगा दुसरीत, नवरा फिरतीवर. दर वेळी लाइन तुटली की परत नंबर फिरवा, परत नाव सांगा, काय पोचलं ते विचारा, वही उघडा... माझं डोकं फिरायचं. मी अण्णांच्या मागे भुणभुण लावली. तुटलं की तुमच्या प्रोग्रामनं आपलं आपण गुपचूप जोडून घ्यावं, आम्हाला कशाला सांगत बसायचं? ते वर्षभर नाही म्हणत राहिले. नवी जोडणी म्हणजे खिडकीवर नवा माणूस आलाय असं समज, ते म्हणायचे, आधीच्याशी तू काय बोललीस ते त्याला काही ठाऊक नसतं. एकदा असंच चाललं होतं आणि मी म्हणून गेले, तुम्हाला काय, तुमच्या घरी शाळेतून आणायचं कोणी नाही. बोलले आणि जीभ चावली. अण्णा-अक्कांना मूल नव्हतं. ते खिशातली पेन्सिल काढून उगाच तिचं टोक बघत राहिले. पुढच्या सोमवारी प्रोग्राम आपला आपण परत जोडून घ्यायला लागला होता. "तुझ्यासाठी घातलंय," म्हणाले. परत जोडलं की वरच्या कोपऱ्यात एक फुली उमटेल, फुली दिसली की थांबायचं आणि कुठं होतो ते बघायचं, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, बघीन की.

आता तो दिवस. साठीच्या पुढच्या दात्यांची नावं यादीतून काढायची होती. वर्षातून एकदा हे काम असायचं. असलं काढायचं काम अण्णांच्या प्रोग्राममध्ये आधी 'कच्चं' करता यायचं. कच्चं म्हणून सांगितलं की हुबळीचं मशीन ते तात्पुरतं धरून ठेवतं. बघून बरोबर वाटलं तर 'पक्कं' म्हणायचं, चुकलं असेल तर 'मागे' म्हणायचं, की सगळं होतं तसं. पण ही कच्च्याची आठवण त्या एका जोडणीपुरतीच असते. लाइन तुटली की मशीन ती विसरतं, आणि नव्या जोडणीत जे सांगाल ते सरळ पक्कं होतं. दुपारची वेळ होती, शाळा सुटायला पाऊण तास. अण्णा हुबळीला मीटिंगला गेलेले. पाच मिनिटांचं काम म्हणून मी वही उघडलीच नाही. 'कच्चं' म्हणून सांगितलं, पाणी प्यायला उठले, परत येऊन नावं काढायचा हुकूम दिला. मधल्या वेळात लाइन जाऊन परत जोडली गेली असणार आणि कोपऱ्यात फुली उमटली असणार. मी बघितली नाही. पडद्यावर आकडा आला, काढलेली नावं दोन हजारांच्या वर. मी तो आकडा दोनदा वाचला, कारण साठीच्या पुढचे फार तर शंभर-सव्वाशे असायला हवे होते. मागाहून कळलं, की कॉलेजांच्या शिबिरांत घेतलेल्या कितीतरी नावांपुढे जन्मसाल कोरं होतं, आणि कोरं म्हणजे शून्य धरून मशीननं त्या सगळ्या पोरांना म्हातारं ठरवलं. पण तेव्हा, हे कच्चंच आहे म्हणून माझ्या जिवात जीव आला. मी 'मागे' म्हटलं. मशीन 'ठीक' म्हणालं. मागे घ्यायला काही नसलं तरी ते ठीक म्हणतं, हे मला माहीत नव्हतं. नावं परत आली का ते उलटून विचारायला हवं होतं, नियमच होता तो. मी घड्याळ बघितलं, पर्स उचलली आणि मुलाला आणायला गेले.

तीन आठवड्यांनी एका डॉक्टरांचा फोन आला. बाळंतपणात अडलेली बाई, रक्तगट निगेटिव्ह, ताबडतोब दाता पाहिजे. यादीत त्या गटाचं धारवाडचं एकच नाव निघालं, आणि तो माणूस गावाला गेलेला. अण्णांना तर त्या गटाची चार-पाच नावं तोंडपाठ होती. त्यातला एक मळमड्डीत त्यांच्या घरामागेच राहायचा. अण्णा स्कूटर घेऊन गेले आणि त्याला मागे बसवून घेऊन आले. बाई वाचली. बाळाचं काय झालं ते विचारायचा धीर मला झाला नाही, आजपर्यंत झालेला नाही. संध्याकाळपर्यंत कळलं की दोन हजारांवर नावं यादीतून गेलीयत. यादीची नक्कल दोन टेपांवर आलटून पालटून दर आठवड्याला घेतली जायची, त्यामुळे तीन आठवड्यांत दोन्ही टेपांवर नावं गेलेली यादीच जाऊन बसली होती. अण्णांनी वही उघडली आणि त्या महिन्याच्या एकेका ओळीवरून बोट फिरवलं. नावं काढल्याची ओळ नव्हती. पेनात नव्हती, पेन्सिलीतही नव्हती. मग वही मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शोभा, तू काही काढायला घेतलं होतंस का ग?"

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. पाण्याचा ग्लास, आकडा, मशीनचं ते 'ठीक'... सगळं. आणि मी म्हटलं, "नाही."

त्यांनी परत विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आले. ते खोटं आहे. दुसऱ्यांदाही मी नाहीच म्हटलं असतं. नोकरी जाईल, नाव खराब होईल, बाळाचं काही झालं असेल तर पोलीस येतील, काय काय डोक्यात येत होतं. पुढे विश्वस्तांची बैठक झाली. अध्यक्षांनी कानडीत विचारलं, चूक कुणाची? अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "तप्पु नंदरी." चूक माझीच आहे हो. तुटल्यावर परत जोडायचा भाग मी लिहिला, परत जोडताना कधीतरी चाचणीसाठी दिलेला हुकूम प्रोग्रामनं आपणहून परत पाठवला असणार, शोभाबाईंचा यात काही संबंध नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माझ्यापुढे चहा ठेवलेला होता, तो मी प्यायला.

त्यांना कोणी काढलं नाही. दुसरा प्रोग्राम आणायचं ठरलं आणि अण्णा आपणहून गेले. जाताना फक्त वही नेऊ का म्हणून विचारलं, आणि कुणाला ती नकोच होती. धारवाडजवळच बेलूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर्समध्ये लागले. नटबोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. गेलेली नावं परत मिळवायला मी सहा महिने शिबिरांचे जुने कागद उपसले, कॉलेजं पालथी घातली, घराघरांतून हिंडले. अर्धीसुद्धा मिळाली नाहीत, पण शोभाबाईंनी पेढी सावरली असं लोक म्हणायला लागले. वार्षिक सभेत शाल दिली मला. नवा प्रोग्राम आला तरी मी पेन्सिल आणि पेनाचा नियम चालू ठेवला, आणि कुणी कंटाळा केला की त्याच्यावर असली ओरडायची की माणसं मला घाबरायची. माझी ती कडक शिस्त बघून नवीन आलेली माणसं म्हणायची, बाई अगदी मुकुंदरावांच्या तालमीतल्या.

अण्णांनी जे सोसलं ते घरी सोसलं. मळमड्डीच्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत एक टेबल होतं, आणि त्यावर त्या प्रोग्रामच्या छापील कागदांचा गठ्ठा. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते त्या कागदांपुढे बसायचे. एकच प्रश्न होता त्यांच्यापुढे: तो हुकूम आला कुठून? मी दर एक-दोन रविवारांनी जायची. का जायची? सांगायला, असं घरून निघताना वाटायचं. तिथं गेलं की अक्का पोहे करायच्या आणि अण्णा मला कागद दाखवायचे, हे बघ, इथं तुटलं आणि त्याच वेळी पलीकडची स्मृती भरलेली असली तर... मी म्हणायची, हो, असेल. पुढच्या वेळेपर्यंत त्यांनी ते स्वतःच खोडून काढलेलं असायचं. एका कॉलेजनं त्यांना ग्रंथालयाचा प्रोग्राम करून द्या म्हणून घरी माणूस पाठवला होता. त्यांनी नाही म्हटलं. माझ्या हातून हे कसं झालं तेच मला कळलेलं नाही, तर दुसऱ्याचं काम मी कुठल्या तोंडानं घेऊ, म्हणाले. अक्का वैतागून म्हणायच्या, जगातल्या सगळ्याला इरली बिडू म्हणता, तेवढं हे एक सोडा की. ते हसायचे आणि चष्मा पुसून परत कागद ओढायचे. वर्ष नाही, दोन वर्षं नाही, दहा वर्षांच्या वर हे चाललं. नसलेली चूक शोधायला बसलेला माणूस... ती सापडणार कुठून? त्यांना हवं होतं ते एक वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी त्यांच्या घरचे पोहे खात होते.

एकदा केलगेरीच्या तळ्याच्या बांधावर फिरायला गेलो होतो, ते, अक्का आणि मी. अक्का पुढे गेल्या होत्या. अण्णा चालता चालता थांबले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "प्रोग्राम आपणहून काही करत नाही बघ शोभा. कुणीतरी सांगावंच लागतं त्याला. पण तू नाही म्हणालीस, आणि मी तर सांगितलं नव्हतंच." आवाजात संशय नव्हता. निदान मला तो ऐकू आला नाही. मी म्हटलं, ऊन उतरायला लागलंय, अक्का लांब गेल्या, चला. आम्ही चालायला लागलो. त्या दिवशी त्यांनी मला वाट करून दिली होती की नुसतं मोठ्यानं कोडं सोडवत होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग आम्ही हुबळीला राहायला आलो आणि माझं जाणं कमी झालं. अण्णांची साखर वाढली, डोळे अधू झाले, शेवटी मूत्रपिंडं. शेवटचं भेटले ते दवाखान्यात. हात हातात घेतला तर काडीसारखा. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मी उठता उठता ते म्हणाले, "सापडलं नाही बघ शेवटपर्यंत." खोलीत अक्का होत्या, नर्स होती. मी म्हटलं, विश्रांती घ्या. घरी आले आणि दोन पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, पाण्याच्या ग्लासासकट. चूक तुमच्या प्रोग्रामची नव्हती, माझी होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. हुबळीहून धारवाडला दर दहा मिनिटांनी बस आहे, आणि मी पत्र लिहिलं. भित्री म्हणा, नाही तर काय म्हणायचं ते म्हणा.

तेरावा झाल्यावर मी मळमड्डीला गेले. बाहेरच्या खोलीतलं टेबल तसंच होतं, त्यावर आता फक्त औषधांची पिशवी होती. अक्का माझ्यापेक्षा शांत होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून विचारलं, माझं एक पत्र आलं होतं का हो? आलं होतं की, त्या म्हणाल्या. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी साचलेलं टपाल त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी नेहमीसारखी सगळी पाकिटं आधी कात्रीनं कापून ठेवली. ही त्यांची जुनी सवय. कापायची सगळी एकदम, वाचायची मागाहून सवडीनं. भिंगातून वाचायचे ते, एकेक ओळ. पुढे तुझं वाचलं की नाही ते मला काही बोलले नाहीत. असं म्हणून अक्का आत गेल्या आणि ती तपकिरी पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. माझं पाकीट वहीतच होतं. तोंड नीट कापलेलं, आत पत्र घडी घातलेलं. मी घातलेल्या घडीसारखीच घडी वाटली, पण दोन पानांची घडी आणखी वेगळी ती कशी असणार.

"काय लिहिलं होतंस ग त्यात?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही हो अक्का. तब्येतीची चौकशी."

त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. वही तूच ने, म्हणाल्या, तुमच्याच कामाची होती ती. मी ती पिशवीत घातली आणि बस धरली. नवलूर मागे पडेपर्यंत मी ती पिशवीतून काढली नाही.

आता वही माझ्या टेबलावर आहे. पहिली पानं पेढीची, त्यांच्या आणि माझ्या अक्षरातली. त्यानंतर पन्नासएक पानं त्या एका प्रश्नाची; 'लाइन तुटताना हुकूम दुप्पट झाला असेल का', 'टेप फिरताना', 'हुबळीहून कुणी', प्रत्येकापुढे तारीख, सगळं पेन्सिलीत, एकाही ओळीवर पेन नाही. माझं नाव त्या पन्नास पानांत कुठंही नाही. मग घरगुती कामं. अगदी शेवटच्या पानावर, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं झालेलं, 'शोभाचं पत्र. वाचणे.' पेन्सिलीत. त्याखाली 'डोळ्यांचे थेंब', त्यावर पेन फिरवलेलं. त्याखाली 'भाच्याला फोन', त्यावरही पेन. म्हणजे हात चालत होता, पेन जवळ होतं. एक तर त्यांनी ते पत्र वाचलंच नाही आणि चूक आपलीच समजून गेले. नाही तर वाचलं, आणि वाचूनही त्या ओळीवर पेन फिरवलं नाही. तुटलं की आधी विचारायचं, असं त्यांनी मला शिकवलं होतं. मी विचारायला गेले ते उशिरा गेले, आणि ज्यांना विचारलं त्यांच्याशीही खोटं बोलून आले. हा लेख ज्या पुरवणीत छापून येईल, ती अक्कांकडे दर रविवारी पेपरबरोबर येते. अक्का, पत्रात काय होतं ते आता तुम्हाला कळलं. तुम्ही मला दारात उभं करू नका, मी येणारही नाही.

दोन-तीनदा पेनाचं टोपण काढून मी त्या ओळीपाशी बसले, आणि परत लावून ठेवलं. ती ओळ त्यांनी लिहिली होती, तिच्यावर पेन त्यांनीच फिरवायचं होतं.